दुसरी खेळी

गुरुवारी संध्याकाळी लिएपायाच्या वाचनालयात
वरच्या मजल्यावर सहा पट मांडतात.
रेडिएटरजवळची खुर्ची इल्ग्वार्सची.
बंदरातल्या क्रेनवर एकतीस वर्षं काढलेला माणूस,
काळे मोहरे आले की दुसऱ्याच खेळीला
राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं ढकलतो.
आमच्या देशाचं नाव आहे त्या सुरुवातीला,
आणि पुस्तकं म्हणतात, हिच्यात दम नाही.
तो म्हणतो, पुस्तकांना वारा लागत नाही.

मी सबंध हिवाळा तयारी केली.
औषधांच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांमागे वही:
घोड्यानं प्यादं खा. तो वजीर काढेल, काढू दे.
घोडा मागे घे, मग वजिराच्या मागे लाग.
अकरा खेळ्या तोंडपाठ.
आईला इन्सुलिन टोचतानाही ओठ हलायचे.
"कुणाला शिव्या देतेस?" ती विचारायची.

नवव्या फेरीत जोडी लागली. पांढरे माझे.
राजापुढचं प्यादं. त्याचंही.
मी घोडा काढला
आणि हात मांडीखाली दाबून बसले,
आनंद दिसू नये म्हणून.

त्याचं बोट त्या प्याद्यावर आलं.
वरच थांबलं. टेकलं नाही.
मग साऱ्या जगासारखा
त्यानंही घोडा काढला.

पोटात खड्डा पडला माझ्या.
ओरडावंसं वाटलं, रडीचा डाव!

पुढचं काय सांगू. दोघंही चाचपडलो.
मला रस्ता ठाऊक नव्हता, त्याला सवय नव्हती.
तेविसाव्या खेळीला त्यानं हत्ती फुकट टाकला,
मी तीनदा तपासून खाल्ला.
एकेचाळिसाव्याला राजा आडवा करून
हात पुढे केला, दोरखंडासारखा खरखरीत.

जिन्यात विचारलं, का?
टोपी चाचपत म्हणाला,
"मिल्दा गेल्यापासून हरून घरी गेलं
तर सांगायला कुणी नाही.
म्हटलं, आज जपून खेळू.
जपूनही हरतोच म्हणजे."

वर पट अजून उचलले नव्हते.
मी म्हटलं, चला. घड्याळ नको.

दुसऱ्या खेळीला त्यानं नखानंच सरकवलं ते प्यादं,
चुलीपुढून मांजर सरकवावं तसं.
सातव्यापर्यंत सगळं वहीतल्यासारखं.
आठवीला तो जे खेळला
ते वहीत नव्हतं.

मी वाकून बघत राहिले. कान तापले.
"सावकाश," इल्ग्वार्स म्हणाला,
"शेवटची ट्राम केव्हाच गेली."