खुर्च्यांचा हिशेब

सोमवारी साठ सांगितल्या होत्या, दापोडीला,
वाचनालयाच्या गच्चीवर, शाहीर खुडेंचा पोवाडा.
साठ उतरवल्या. माणसं आली दीडशे.
उरलेली कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर,
एक पोरगं तर डफवाल्याच्या मांडीला टेकून झोपलेलं.
अशा वेळी मी जादा मागत नाही.
उभ्या माणसाचं भाडं लावायचं कुणाला?

मी पासलकर. लाल खुर्च्या, पाठीवर पांढऱ्या रंगात 'पा. मं.',
एक छोटा हत्ती, आणि नौशाद.
कार्यक्रमाच्या दोन तास आधी आम्ही येतो,
संपल्यावर तासाभरानं जातो.
मधलं सगळं टेम्पोत बसून,
भिंतीतून येईल तेवढंच.
म्हणून मला यमन ठाऊक आहे तो तबल्याच्या बाजूनं,
आणि नाटकांतले फक्त ओरडण्याचे प्रसंग.

बाकीचं खुर्च्या सांगतात.
गाणं रंगलं की रांगा मोडलेल्या असतात,
माणसं सरकत सरकत पुढं गेलेली.
भाषणं झाली की मांडल्या तशाच सरळ,
फक्त शेवटच्या दोन रांगा
दाराकडं तोंड करून.

बुधवारी एरंडवण्यात कवी छत्तीस,
खुर्च्या मागवल्या छत्तीस. हिशेब चोख.
ज्याची कविता झाली तो चपला शोधायला उठे.
शेवटी निमकरबाईंनी आपली दीर्घकविता
अध्यक्षांना आणि पस्तीस खुर्च्यांना वाचून दाखवली.
अध्यक्षांचीही झाली होती आधीच,
पण अध्यक्षांना उठता येत नाही.

गुरुवारी रास्ता पेठेत तमिळ मंडळी,
खुर्च्यांवर रुमाल टाकून जेवायला गेली.
परतल्यावर ज्याच्या त्याच्या जागी ज्याचा त्याचा रुमाल.
सदाशिवात हे कुणी केलं असतं
तर रुमाल कार्यालयात जमा झाले असते
आणि वर कायमची पाटी लागली असती.

शुक्रवारी नाना पेठ. सायकलींच्या बंद गोदामात एकांकिका.
चाळीस मांडल्या, एकोणचाळीस प्रेक्षकांना, एक आत.
माणसं आली तीन,
त्यातला एक गोदामाचा मालक.
ऋजुता घारपुरे म्हणून मुलगी, लिहिलेलं तिचं, बसवलेलं तिचं,
तिसरी घंटाही तीच वाजवणार, स्टीलच्या ताटलीवर.
बाहेर येऊन म्हणाली, काका, तुम्ही दोघं बसता का?
मी म्हणालो, गाडीकडं कोण बघणार?
नौशाद तोवर बसला होता.

बावीस वर्षं वाहतोय,
बसलो पहिल्यांदाच.
डावा पाय डुगडुगतो. आजवर कुणी बोललं नाही,
आणि हे पुणं आहे.

नाटकात बाप नव्हता. बापाच्या जागी खुर्ची.
'पा. मं.' दिसू नये म्हणून पाठीवर सदरा चढवलेला.
मुलगी तिच्यापुढं चहा ठेवत होती,
गोळ्यांची वेळ सांगत होती,
मधेच कुठल्याशा जुन्या सहलीवरून भांडत होती,
मला का नाही नेलं, म्हणत होती,
आणि खुर्ची गप्प,
बाप लोक असतात तशी.

नौशाद कानाशी आला.
शेठ, ती एकशे अठरा नंबरची.
मी म्हणालो, गप बस, ते वडील आहेत.

भरताना एक कमी.
ती म्हणाली, रविवारी परत प्रयोग आहे, तोवर राहू दे?
सदरा काढवत नाहीये.
शनिवारी घोरपडीत चर्चच्या गायकवृंदाला दोनशे कबूल केल्या होत्या.
एकशे नव्व्याण्णव दिल्या.
फादरनी मोजल्या नाहीत, किंवा मोजून सोडून दिलं.

वहीत परत न आलेल्या खुर्चीला दोनच रकाने,
मोडली आणि हरवली.
मी दोन्हींच्या मधल्या रेघेवर लिहिलं,
एकशे अठरा. कामावर. भाडं नाही.

रविवारी नाना पेठेत पोचवायचं काहीच नव्हतं.
तरी टेम्पो काढला.
नौशादनं कुठं म्हणून विचारलं नाही.
माणसं किती आली ते मोजायचं राहिलं.
सदरा आज निळा होता.