घाण्याचा बैल साक्षीला

ओरली, तुझा फोन आला तेव्हा
मी नागपाड्याच्या बेकरीत उभा होतो, हातात पावाची लादी,
शुक्रवार, चारचा सुमार.
तू हिब्रूत रडत होतीस, मी मराठीत गप्प होतो.

लग्न ठरलंय, हॉल ठरलाय,
मुलगा अश्दोदचा, आजोबा मोरोक्कोहून आलेले.
फक्त धर्मपीठाला हवंय
तुझ्या आईच्या आईच्या आईचं यहुदी असणं,
कागदावर, सहीशिक्क्यानिशी.
"मामा, रब्बी म्हणतात कबरीचा फोटो चालेल."

चालेल म्हणे!
आमच्या आजोळी, पेझारीला, रब्बी म्हणजे
भात निघाल्यावर पेरलेला वाल.
दुसऱ्या रब्बीचं तोंड पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाहिलं नव्हतं,
तरी सुंता आठव्या दिवशीच व्हायची,
खवले नसलेला मासा ताटात यायचा नाही,
आणि शमाची एक ओळ, अर्थ हरवलेली,
बाळाच्या कानात तीच, मढ्याच्या उशाशी तीच.
शनिवारी घाणा बंद.
गाव म्हणायचं, शनवार तेली.
एवढंच प्रमाणपत्र.
आणि ते दिलं आगऱ्या-कोळ्यांनी,
ज्यांना मोशे कोण ते ठाऊक नव्हतं.
बैल त्या दिवशी गोठ्यात रवंथ करायचा.
बोलवा त्याला साक्षीला.

सगुल्ला म्हणते, तू तिथे बसून आमच्या राजकारणावर बोलू नकोस,
तू इथे टॅक्स भरत नाहीस, भोंगा वाजल्यावर बंकरमध्ये धावत नाहीस.
खरं आहे. तरी बोलतो.
चार-दोन खासदारांच्या टेकूवर सरकार उभं,
आणि टेकूचं भाडं म्हणून
लग्नाच्या मांडवाची किल्ली त्यांच्या खिशात.
कुणाचा पोरगा सीमेवर, कुणाचा पोथीपाशी,
तो सौदाही त्याच टेबलावर.
तुझा भाऊ रणगाड्यात बसला तेव्हा
कुणी विचारलं का त्याच्या पणजीचं नाव?
ज्या देवाला मंत्रिमंडळात खातं लागतं
त्याची आणि आमच्या एलियाहू हन्नबीची ओळख नसावी.
आमचा तो पोह्यांच्या मलिद्यावर राजी असतो.

चौसष्ट साली माझे काका जेरुसलेमात रस्त्यावर बसले होते,
याच प्रश्नावर.
जिंकलो, असं पत्र आलं होतं. अजून आहे माझ्याकडे.

आणि इथलं?
इथेही देव हल्ली व्यासपीठावर बसतो,
इथेही कुणाकुणाकडे आजोबांचे कागद मागतात.
म्हणून तर तुझ्या रब्बींची भाषा
मला दुभाष्याशिवाय कळते.

रविवारी वरळीच्या कब्रस्तानात गेलो.
सत्तारने घमेलंभर पाणी आणलं, काथ्याने दगड घासला.
हळूहळू अक्षरं वर आली, सगळी मराठी.
लाडकूबाई, हसाजी पेझारकरांची मंडळी, सन १९५१.
खाली हिब्रूचे दोन शब्द,
पाथरवटाने एक अक्षर उलटं कोरलेलं.
आता लाडकू या नावाचं हिब्रू काय करायचं ते तुझं तू बघ.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल.
दगड मागच्या भिंतीला लागून आहे,
बाकीच्यांपासून वावभर लांब.
आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो, ओरली.
आमच्यात गोरे इस्राएल होते, काळे इस्राएल होते.
ती काळी.
तिची आई कुणबीण, असं म्हणायचे. पाहिलं कुणी होतं?
सासरी तिची ताटवाटी वेगळी राहिली
मरेपर्यंत, आणि नंतर ही जागा.
जे तुला आज विचारतायत
ते आम्ही तिला आधीच विचारून झालो होतो,
शिक्का नव्हता, इतकंच.

फोटो काढताना मी भिंत वगळली.
जवळून घेतला, दगड चौकटभर,
जणू भोवती सगळे आपलेच.
हे खोटं आहे का, ठरवायला मी धर्मपीठ नाही.

सत्तार घमेलं पालथं करत म्हणाला,
इतक्या वर्षांत हिच्याकडे कुणी आलं नाही, साहेब.
कोण तुमची?
मी म्हणालो, आजी.
मग चपला शोधायला लागलो,
त्या माझ्या पायातच होत्या.