शहाण्याने

वयाच्या जागी एक्केचाळीस लिहिलं
आणि कर्सर नुसताच लुकलुकत राहिला,
जणू विचारत होता, नक्की ना?

अर्जाला दोन पानं हवी होती: कायदाच का?
फी घेऊन सल्ला देणारा मुलगा म्हणाला,
जखमेपासून सुरुवात करा, समितीला जखम आवडते.
माझ्याकडे सांगण्याजोगी जखम नव्हती.
अण्णा होते, कराडच्या कोर्टाबाहेर
लिंबाखाली टाइपरायटर मांडून बसलेले.
प्रतिज्ञापत्र, भाडेचिठ्ठी, पानाला दोन रुपये.
मशीनचा ळ उमटत नसे.
त्याची जागा ते कोरी सोडत
आणि शेवटी शाईनं एकेक ळ भरत बसत:
मिळकत, वेळोवेळी, मूळ मालक.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं येईल त्याला सांगत
त्याच पायरीशेजारी चाळीस वर्षं त्यांनी घर चालवलं.

हे लिहिलं. ळ समजावता समजावता शब्दमर्यादा संपली.
सात नकार आले, एक प्रतीक्षायादी,
आणि जुलैत, भेंडी चिरताना, बफेलोचा फोन.
म्हैस नावाचं गाव आहे, मी आईला सांगितलं.
ती म्हणाली, दूध तरी बरं मिळेल.

पहिला आठवडा, टॉर्ट्स.
हॅलोरनबाईंचं बोट यादीवरून खाली येतं
आणि माझं पोट त्याच्यासोबत.
"मिस काल-से-कार."
ळ इथेही उमटत नाही.
उभं राहायचं नसतं, तरी मी उभी राहते,
बावीस-तेवीस वर्षांचे चेहरे लॅपटॉपवरून वर येतात.
"समंजस माणसानं अशा वेळी काय केलं असतं?"

हा समंजस माणूस प्रत्येक खटल्यात भेटतो.
जिना उतरताना कठडा धरतो,
उजाडायच्या आत दारासमोरचा बर्फ उपसतो,
त्याचा कुत्रा कुणाला चावत नाही.
राहतो कुठे, कुणालाच माहीत नाही.
अण्णांचा शहाणा तो हाच का, मला विचारायचं होतं.
म्हणाले, "डिपेंड्स."
वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं.

नोव्हेंबरात सरोवरावरून बर्फ आला तो बसूनच राहिला, म्हशीसारखा.
जुनी पुस्तकं घेतली, आधीच कुणीतरी पिवळी केलेली,
नेमक्या नको त्या ओळी.
डिक्वान गोदामातली रात्रपाळी संपवून यायचा,
मला प्रॉपर्टी शिकवायचा, माझे पोहे खायचा,
शेंगदाणे बाजूला काढून, शेवटी एकदम.
गुण असे की एक वर गेला तर एक खाली,
हे माहीत असून आम्ही नोट्स वाटून घेतल्या,
माणशी एकेक ओळ लपवून.
मला बी मायनस. मुलानं तो फ्रिजवर लावला,
त्याच्या गणिताच्या पेपराशेजारी. त्याला ए होता.

दुसऱ्या वर्षी क्लिनिक. घर खाली करण्याचे दावे.
मिसेस टॉलिव्हर, सत्तरीच्या, मांडीवर पिशवी,
पिशवीत अकरा वर्षांच्या भाडेपावत्या, रबर लावून.
माझा कोट थ्रिफ्ट स्टोअरचा, बाह्या बोटांपर्यंत.
कोर्टाला पायरीच नव्हती.
फिरतं दार, पट्टा काढा, बूट काढू नका,
मग लिफ्ट, तिच्यात दोन पोलीस आणि एक रडकं बाळ.

आमचा पुकारा झाला. चार मिनिटं.
नोटिशीवर घराचा नंबर उलटा पडला होता,
चौदाच्या जागी एकेचाळीस.
तेवढं मी बोलले, आवाज माझाच होता,
मागे बसलेल्या पर्यवेक्षक बाई खोकल्यासुद्धा नाहीत.
दावा काढून टाकला.

खाली येताना सांगावं लागलं,
मालक पुन्हा दाखल करू शकतो, बरोबर नंबर घालून.
"मग किती दिवस मिळाले?"
महिना. फार तर दीड.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.
"तोवर थंडी सरेल," म्हणाल्या,
आणि पावत्यांना पुन्हा रबर लावलं.

बाहेर रस्त्यावर मीठ टाकत होते.
उद्यासाठी साठ पानं वाचायची राहिली होती.