दुभाषी, केपे न्यायालय

शपथ माझीही घेतात.
आरोपी बोलेल तेच बोलेन,
पदरचं घालणार नाही, त्याचं गाळणार नाही.
एकवीस वर्षांत घातलं काही नाही.
गाळल्या त्या शिव्या, तेवढ्याच.

अकरा जण, पाच होड्या.
तेलाची विहीर खणायला आलेल्या जहाजापुढे
वल्ही आडवी टाकून बसले
पहाटेपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत.
कलमं : सरकारी कामात अडथळा, बेकायदा जमाव.
पाच किंवा अधिक म्हणजे जमाव.
पाण्यात पाचांहून कमी काय फिरतं, साहेब?
हे मी बोललो नाही. मला विचारलं नव्हतं.

मुद्देमाल : वल्ही नऊ, फाटकं जाळं एक,
प्लास्टिकची शिट्टी एक,
पेजेचा डबा एक, रिकामा.
तो धुतलेला होता, हे पंचनाम्यात नाही.

सरकारी वकिलांनी विचारलं, नेमके कुठे होता?
त्यांच्या हातात नकाशा, अंश, मिनिटं, सेकंद,
जहाजाभोवती लाल शाईचं वर्तुळ.
पिएदाद रिबेलो, वय अडुसष्ट, राहणार बेतुल, उभी राहिली.
“कपेलाचो खुरीस इनासाच्या पणसा फाटल्यान लिपता, थंय.”
मी म्हणालो : जिथून चॅपेलचा क्रूस
इनासच्या फणसामागे लपलेला दिसतो, तिथे.
वकील हसले.
न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. इनास कोण, म्हणाल्या.
“मेलो. पणस आसा.”
मी म्हणालो : वारले. झाड आहे.

तिथे खाली दगड आहे, पिएदाद सांगत राहिली,
म्हातारीचो फातर.
नकाशात त्याला एक अक्षर, चार आकडे.
तिच्या सासूला तो ठाऊक होता, सासूच्या सासूलाही.
त्याच्या कपारीत मासळी अंडी घालते
म्हणून जाळं वळवून न्यायचं.
पाटी कुणी लावली नव्हती, दंडही नव्हता.
टंकलेखिकेची बोटं थांबली. एवढं सगळं घ्यायचं?
घ्या, मी म्हणालो.
तो अधिकार माझा नाही.

मग प्रश्न आला : म्हणजे तुम्ही हद्द ओलांडलीत?
हद्द.
मी ‘शीम’ म्हणालो, आमच्याकडे शेताला असते ती.
पिंजऱ्यातले अकराही जण एकमेकांकडे बघू लागले.
शेवंती पागी मागून म्हणाली,
“दर्याक शीम? तुमकां ती कोणें दाखयली?”
याचं भाषांतर मी केलं, शब्दाला शब्द,
आणि माझा आवाज
कामापेक्षा जरा मोठा लागला.

जामीन फेटाळला.
जहाज एक दिवस थांबलं तर किती कोटी, ते अर्जात होतं.
मासळी एक वर्ष आली नाही तर किती,
तो रकाना छापील नमुन्यात नाही.

बेतुलहून कोलवाळचा तुरुंग चार बसगाड्यांवर.
शेवंतीच्या दिरानं सुकी सुंगटं नेली होती,
फाटकावरून परत. वास येतो म्हणाले.

आता माझी साक्ष. समन्स नाही, शपथही नाही.
शेजारच्या घरात रात्री कुणी भिंत पोखरत असेल
तर उठून हाक मारणं, दाराशी आडवं बसणं,
याला आमच्या गावात शेजार म्हणतात.
त्या अकरा जणांनी एवढंच केलं.
ज्यांच्या घरापुढे बसले
त्याला तोंड नाही, वकीलपत्र नाही,
आणि त्याची भाषा
एकवीस वर्षं दुभाषी असून
मला येत नाही.

संध्याकाळी शिपाई फरशी पुसत होता.
पिएदाद उभी होती तिथे टाचेएवढा काळा डाग.
मे महिन्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात,
लांबच्या कुठल्यातरी जहाजाचे, पायाला चिकटतात.
पाण्यानं जाईना. त्यानं साबण लावला,
मग रॉकेल आणायला गेला.
मी डागापाशी थांबलो,
कुणी पाय देऊ नये म्हणून.