दोन नंबर

चिखली, झुआरीकाठ.
खनिज थांबल्यापासून पप्पांची बार्ज
खारफुटीत बांधलेली.
इंजिनात आता कुर्ल्या राहतात.

मी तोंडी परीक्षेची उत्तरं घोकायचे मोठ्यानं:
क्रॉसहेड, स्कॅव्हेंज, इंधनाचा दाब.
ते सुंगटं सोलता सोलता उठले एकदा,
स्क्रूड्रायव्हरचं टोक विहिरीच्या पंपाला,
मूठ माझ्या कानाला.
"पुस्तक मीट. ऐक गो."
बेअरिंग खरंच कण्हत होतं.

चार वर्षांनी कॅडेटचा बॉयलर सूट,
बाह्या दोनदा दुमडून.

काल सिंगापूरबाहेर नांगर पडल्यावर
इंजिनरूमच्या दारातून फोन केला.
जेवलीस का, विचारलंच नाही.
जरा वेळ गप्प.
मग म्हणाले, "मागं जनरेटर ना?
दोन नंबर ठोकतोय.
चीफला सांग.
नको,
आधी तूच कान लाव."