पोच

पोटभाडेकरू हा शब्द
मला कधी उच्चारावासा वाटला नाही.
कुणाच्या तरी पोटात राहायचं, वजन वाढू न देता,
चपला रॅकच्या तिसऱ्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात,
फ्रिजमध्ये दारातला एक कप्पा.

कन्नमवार नगर, दुसरा मजला.
घर मालकाचं, मालक वसईला.
भाडेकरू सातोस्करबाई.
मी त्यांच्या आतल्या खोलीत, महिन्याच्या बोलीवर.
कागद नाही. पहिल्या दिवशी चहा गाळता गाळता
म्हणाल्या होत्या,
"जायचं झालं तर महिनाभर आधी सांगायचं. बाकी तुझं तू."

तीन वर्षं पाच महिने माझं मी.

आता सांगायचंय, तर
सोमवारी त्यांचा उपास, डोकं चढलेलं.
मंगळवारी नळाला पाणी नाही.
बुधवारी न विचारता माझ्यासाठी
तिसऱ्यांचं सुकं झाकून ठेवलेलं,
ते खाऊन हात धुतल्यावर नोटीस कशी द्यायची?
गुरुवारी लॅबमध्ये कुणाची तरी खालची कवळी घासत
मी वाक्यंच घासत होते.
"मी सोडतेय." फार टोकदार.
"सोडावं म्हणते." त्या म्हणतील, नको म्हणूस.
"सोडावं लागतंय." हे खोटं. कुणी लावलेलं नाही.
उलव्याला वन आरके मिळालंय, कर्जासकट माझ्या नावावर,
बाल्कनीत एकच माणूस मावतो.

महिना कुठून मोजायचा, तेही आहेच.
मी आले अकरा तारखेला. म्हणजे अकरा ते दहा.
आज शुक्रवार, दहा. रात्रीचे साडेनऊ.
उद्यावर ढकललं तर एक भाडं मला फुकट
किंवा त्यांचा महिना तोकडा.

माझ्या आधीची हेमांगी
चावी साबणाच्या डबीत ठेवून गेली होती.
बाईंना ती तिसऱ्या दिवशी सापडली, फेसासकट.
हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय
की ती डबी मी कधी वापरलीच नाही.

जाहिराती लागल्या तशी मी उभी राहिले
आणि बोलून टाकलं, तारखेसकट.
बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.
चष्मा शोधून लावला,
ऐकायला चष्मा लागतो त्यांना.
म्हणाल्या, "लिहून दे."
मला वाटलं, रागावल्या.
"तसं नाही गं. मला आजवर
कुणी काही लेखी दिलेलं नाही."

लाइटबिलाच्या पाठीवर लिहिलं :
आपल्या घरातील आतली खोली
येत्या महिन्याच्या दहा तारखेस रिकामी करीत आहे.
कळावे.
कळावेखाली पेन अडलं.
आपली नम्र? आपली विश्वासू?
बराच वेळ गेला.
नुसतं "आपली" ठेवलं आणि सही केली, वृंदा खडतरे.

"दोन प्रती."
बत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढलेली बाई.
दुसऱ्या प्रतीवर त्यांनी लिहिलं "मिळाली",
तारीख, रात्रौ ९.५०, आणि ती गरगरीत सही.
"ही तुझी पोच. जपून ठेव.
उद्या मी म्हटलं, सांगितलंच नव्हतंस, तर?"
आणि टीव्हीचा आवाज सुरू केला,
थोडा मोठाच.

पुढच्या शनिवारी एक मुलगी खोली बघायला आली, आईबरोबर.
मी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत,
सामानातलाच एक नग.
बाई सांगत होत्या, हवा येते,
पाणी साडेपाच ते सात,
खिडकीची वरची कडी बसत नाही,
चमच्याची दांडी सरकवायची की बसते.
चमच्याचं मला वाटत होतं
फक्त मलाच माहीत आहे.

"आणि जायचं झालं तर महिनाभर आधी. लेखी."
कपाटातून माझा कागद काढून
मुलीच्या हातात दिला. "हे असं."

मुलगी वाचत राहिली,
शेवटी जरा थांबली, बहुतेक "आपली"पाशी.
तिच्या आईने विचारलं, डिपॉझिट किती?