खोली नंबर एकोणीस

कातडीविभागाच्या मागे, लिफ्ट बंद असते त्या बाजूला
माझी खोली.
पाटीवर ‘सुरक्षा’ तेवढं दिसतं;
‘क्लिनिक’वर कोणीतरी
सिकलसेलच्या शिबिराचं पोस्टर डकवून गेलं.
लोक डोकावतात, विचारतात,
गार्डची भरती इथंच आहे का?
काही जण खरंच भरतीसाठी आलेले असतात.
बाकीचे बसतात.

मे महिना. कूलर गारव्यापेक्षा आवाज जास्त फेकतो
आणि मला तो आवाजच हवा असतो.
पार्टिशनपलीकडे रांग,
इकडे बुटीबोरीचा एक फिटर
त्याच्या मित्राला लघवीला कशी आग होते ते सांगतोय.
मित्राचं रक्त कोणत्या हातातून घ्यायचं, मी विचारते.
तो बाही सरकवतो.

परवा कौतिकाबाई हेडाऊ आल्या.
तांडापेठ. वय एकसष्ट. विधवा, नऊ वर्षं.
फॉर्मवरचा पुढचा प्रश्न मी गाळला.
त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं:
“हे काऊन नाही इचारलं?”

मग विचारलं.
मग त्यांनी सांगितलं: खाज, पांढरं, वास,
मागावर सूत कुठं तुटतंय, कधीपासून,
हे मुकादमाला सांगावं तसं.
कुजबुजल्या नाहीत. कूलर वाया गेला.

रक्ताची नळी. आतली तपासणी. हिरवं पाकीट.
या गोळ्या आत्ता, माझ्यासमोर.
आणि पाठ झालेलं ते वाक्य:
उपचार दोघांचा असतो बाई, त्यांनाही आणा.

“कोन्ते थे? फोटोतले,
का खाली स्कूटरपाशी उभे हायेत थे?”

खिडकीतून पाहिलं.
कडुनिंबाच्या चतकोर सावलीत एक म्हातारा,
डोक्याला ओला दुपट्टा,
हातात उसाच्या रसाचा ग्लास,
धूळ पडू नये म्हणून वर तळहात झाकलेला.

रजिस्टरमध्ये एक रकाना आहे: जोडीदार आला / नाही.
पानंच्या पानं ‘नाही’.
फिटरची बायको मला अजून माहीत नाही,
तिला मी माहीत नाही.

दोन जिने चढून ते आले, ग्लाससकट.
नातं काय लिहू?
ते कूलरकडे बघत राहिले.
“लिवा, सोबत,” कौतिकाबाई म्हणाल्या.
रकाना अरुंद. ‘सो’ वर बसलं,
‘बत’ खालच्या ओळीत गेलं.

रस एव्हाना कोमट झालेला.
त्यांनी तो एका दमात प्यायला,
पदरानं तोंड पुसलं
आणि रिपोर्ट कधी मिळणार ते विचारलं.